वगळलेले संदेश

तीन वर्षांनी पुन्हा आले आहे या गावात.
पिशवीत एकशे चाळीस पानांचा अहवाल,
जो इथलं कुणी वाचणार नाही
आणि जो सगळा इथल्यांविषयीच आहे.

शाळेच्या हॉलमध्ये बावीस माणसं,
अंगातल्या कोटांसकट,
कारण शेगडी अजून धूरच देतेय नुसता.
मी घसा साफ करून पहिलं वाक्य वाचते :
‘स्थलांतरित कुटुंबांतील असमकालिक ध्वनिसंदेश
हे भावनिक सहउपस्थितीचे माध्यम ठरतात.’
मागून कुणीतरी हळूच विचारतं,
कोण गेलं?

अहवाल मिटते.
कोपऱ्यातल्या पोत्यातले अक्रोड मागून घेते,
लोकरीच्या जाजमावर मांडत जाते.
हा एक अक्रोड म्हणजे शंभर संदेश,
मॉस्कोहून, कझानहून
तुमच्या पोरांनी पाठवलेले.
पहिल्या वर्षी ही एवढी रास.
दुसऱ्या वर्षी ही.
तिसऱ्या वर्षी
(माझाच हात थोडा रेंगाळतो)
हे सात.

बाया सातांकडे बघत राहतात.
‘बर्फात टॉवर बंद असतो,’ जिपार म्हणते,
‘ते धरलंत का?’
नाही धरलं.
‘मग आता टॉवर दुरुस्त होणार?’
सातीबाल्दी आजोबा, टोपी न काढता.
ते माझ्या हातात नाही, आजोबा.
‘मग कुणाच्या हातात आहे
ते का नाही शोधलंस?’
शेगडी एकदाची पेट घेते
आणि सगळे तिकडे वळून बघतात,
मला तेवढाच आधार.

नावं मी घेत नाही. नावं पुसून टाकलीत,
उरलेत फक्त क्रमांक, असं अभिमानानं सांगते.
उदाहरणार्थ क्रमांक एकतीस :
वय एकोणसत्तर, मुलगा गोदामात कामाला,
संदेश ऐकते ती धार काढताना,
एकशिंगी गाईच्या पोटाला डोकं टेकवून.

एकशिंगी गाय गावात एकच आहे.

बावीस माना झूराकान आजीकडे वळतात.
मला जाजमाखाली शिरावंसं वाटतं.
आजी मात्र रुमालाची गाठ सोडतेय.
‘हो, मीच. माझे किती धरलेस?’
दोनशे बारा.
‘तीनशेच्या वर आहेत.’
बाकीचे रिकामे होते, आजी.
खिशात बटण दाबलं जाऊन आलेले.
बोलणं नव्हतं त्यांत, म्हणून वगळले.
(तक्ता चार, तळटीप : ध्वनी आहे, भाषण नाही.)

रुमालातून फोन निघतो.
अंगठा सवयीनं जागेवर जातो.
अकरा सेकंद.
मागे सरकणाऱ्या गाडीची पीं पीं,
रशियन भाषेत कुणाचं तरी हसणं,
एक दार,
मग कापडावर घासत येणारा श्वास,
पायरी, श्वास, पायरी,
आणि संपतं.

‘बोलतो तेव्हा म्हणतो, बरा आहे,’ आजी सांगते.
‘दरवेळी तेच. बरा आहे, जेवलो, थंडी नाही.
हा आला तेव्हा मला कळलं
जिने किती आहेत ते.’

कुणी काही बोलत नाही.
जिपारनं स्वतःचा फोन काढलाय
आणि ती खूप मागे मागे जातेय त्यात,
पुसले तर नाहीत ना, हे बघत असावी.

आजी गुडघ्यावर हात देऊन उठते,
पोत्यात हात घालते,
मूठभर अक्रोड सातांशेजारी ठेवते.
मोजत नाही.
तोवर पोरांनी दुसरं वर्ष
दाराच्या फटीत धरून फोडायला घेतलंय,
सालं सगळीकडे.

मी पेनाचं टोपण काढते. मग थांबते.
तीन वर्षांपूर्वी एका फॉर्मवर
तिचा अंगठा घेतला होता मी,
विचारलं असं काही नव्हतं.
आजी, हे लिहू का?

ती जिन्यावरच्या त्या श्वासाची
पुन्हा रुमालात गाठ मारते.
‘लिही,’ म्हणते,
‘पण गाय काढ त्यातून.’